दोन डोळे ठेवून

अझेनोर गेली ऑक्टोबरात,
आणि नोव्हेंबरच्या पहिल्या कोरड्या दिवशी
गुल्वेननं कात्री काढली.

भिंतीपलीकडून आवाज येत होता,
कच्, कच्, थोडं थांबून पुन्हा कच्.
मला वाटलं, सुकलेली फुलं काढतोय.
जाऊन बघते तर
हायड्रेंजियाचं अख्खं झुडूप
घोट्याएवढं करून ठेवलेलं,
आणि शेजारी हा उभा,
तीस वर्षं ब्रेस्तच्या बंदरात
मासळीवरचा बर्फ फोडलेला माणूस.
"घाण दिसत होतं," म्हणाला,
"सगळं तपकिरी. तिला नीटनेटकं आवडायचं."

तिला काय आवडायचं ते मला माहीत होतं.
ती सुकलेले गेंद तसेच ठेवायची, थेट मार्चपर्यंत.
खारा वारा, एखादी हिमाची पहाट
त्या कागदी टोप्यांनीच झेलावी
आणि खालचे डोळे झाकलेले राहावेत म्हणून.
मग वडिलांचा जुना कोट चढवून यायची,
देठावरून बोट खाली खाली आणत
पहिल्या फुगीर जोडीपाशी थांबायची
आणि पेरभर वर कापायची.
"हे गेल्या वर्षीचं लाकूड," सांगायची मला,
"फूल यात आत्ताच येऊन बसलंय.
नव्यावर नुसता पाला."

गुल्वेनला मी काही बोलले नाही.
कापलेल्या फांद्या ढकलगाडीत भरू लागले.
एकेकीवर किती डोळे होते, मोजले नाहीत.

पुढचा उन्हाळा हिरवा गेला.
नुसता हिरवा. पानं ताटाएवढी,
तरारलेली, बेशरम.
दुपारी ती माना टाकत
आणि हा बादली घेऊन भर उन्हात धावे.
मी म्हणायचे, थांब, संध्याकाळी आपोआप उठतील.
पडलेलं उठतं यावर त्याचा विश्वास नव्हता.
त्यानं जुन्या छपराची स्लेट कुटून मुळाशी घातली,
तिच्यासारखीच.
कॉफीचा चोथा घातला. गंजके खिळेसुद्धा,
गुत्त्यात कुणीतरी सांगितलं म्हणून.
खिळ्यांनी काही निळं होत नाही,
झालाच तर धनुर्वात.

ऑगस्टात भिंतीवर कोपरं टेकून विचारलं त्यानं,
"मेलं का गं ते, मायवेन?"

माझ्याकडचं झुडूप त्याचंच पोर.
अकरा वर्षांपूर्वीचं कलम,
ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून तिनंच दिलेलं.
पण माझी भिंत नवी, चुन्यात बांधलेली,
आणि माती तो चुना पिऊन बसलेली.
तिकडे निळं, ते इकडे गुलाबी.
"माझी पोरगी तुझ्याकडे येऊन
लाली लावायला शिकली," म्हणायची.

मी घरातून चाकू आणला.
न फुललेली एक फांदी, वीतभर,
खालची पानं काढून, वरची अर्धी कापून
त्याच्या हातात दिली.
"एक डोळा मातीत, एक वर. सावलीत ठेव."
"पण ही गुलाबीची आहे."
"तुझ्याकडचं पाणी पिऊ दे तिला."

नोव्हेंबरात तो दारात आला.
कात्री फडक्यात बांधलेली.
"मार्चपर्यंत तुझ्याकडे राहू दे," म्हणाला
आणि आत न येताच गेला.

मार्चात मीच घेऊन गेले.
देठावर बोट ठेवून तो किती वेळ उभा होता.
"इथे?"
"जरा वर."
"इथे?"
पाऊस यायला लागला तरी
चारच देठ झाले होते आमचे.

जुन्यावर सात गेंद आले. निळे, तिचे.
कुंडीतल्या पोरीला आणखी एक वर्ष लागलं,
आणि मग जे आलं
ते निळं नव्हतं, गुलाबीही नव्हतं.
मी शब्द शोधत बसले.
गुल्वेन गुडघ्यांवर वाकला,
फूल उजेडाकडे वळवून बघितलं,
मासळी बघावी तसं.
"बांगड्याचं पोट," म्हणाला,
"ताज्या."