पीळ

ब्रिस्टलमध्ये दोर वळायचा तर उलटं चालावं लागे.
कमरेला तागाचा वेढा, पाठ वाटेला,
तोंड त्या चाकाकडे, जिथून आपण निघालो.
अँब्रोस हॅस्केट असा चाळीस वर्षं चालला,
रेडक्लिफच्या टेकडीखालच्या लांबुळक्या छपरात.
एकदा त्याने दारावर खडूने हिशेब मांडला:
"चीनला पोचलो असतो की एव्हाना,
फक्त पाठमोरा."

चाक फिरवायला त्याचा पोरगा, जाइल्स.
धक्क्यावर परका खलाशी दिसला
की चाक चुके, दोराला गाठ बसे.
एका मिरीच्या दाण्यापायी त्याने आपली शिट्टी दिली
आणि तो दाणा आठवडाभर
जिभेखाली ठेवला, चावला नाही.
"हे कुठं पिकतं, बा?"
"आपल्याला परवडत नाही, तिथं."
(आमच्याकडे सुपारीच्या खोडावर चढते ती,
कुणाला न विचारता.)

खालच्या वाटेवर पोर्तुगीजांचा पहारा.
मग व्यापाऱ्यांनी पृथ्वीच्या गोलावर बोट वर सरकवलं:
इथून, बर्फाच्या माथ्यावरून, एखादी फट असेलच.
त्या 'असेल'नंतरच्या 'च'वर
चोवीस माणसं चढली, एक मांजर,
अकरा पिंपं बिअर
आणि अँब्रोसचा नव्वद वाव दोर.

ओहोटीला एव्हन नदी निथळून जाते,
जहाजं कुशीवर कलतात
चिखलात बसलेल्या म्हशींसारखी.
भरती आली तशी ती उठली, गेली.
जाइल्सने मागे पाहिलं नाही.
बाप पाहत राहिला. त्याला दुसरं येतच नव्हतं.

दोन उन्हाळ्यांनी नऊजण परतले.
तांडेल पेरिन दाराशी आला,
टोपीत वीतभर दोर घेऊन.
"बर्फ चालून आला. नांगर उचलायला उसंत नव्हती.
कुऱ्हाडीनं तोडला."
"आणि पोरगा?"
"गोडं पाणी आणायला उतरला होता."
पेरिन बराच वेळ टोपी फिरवत राहिला.

अँब्रोसने तुकडा हुंगला. टोक उसवून पाहिलं.
डांबर पिऊन, मीठ खाऊन, थिजून, सुकून
तंतूंनी वळण सोडलं नव्हतं.
सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं आपण म्हणतो,
बहुधा हट्टी माणसांना उद्देशून.
तो काहीच म्हणाला नाही.
तुकडा खिशात टाकला, पेरिनला बसायला स्टूल दिलं.

अजून कुठंतरी, नकाशात नाव नसलेल्या पाण्याखाली,
नांगराने दुसरं टोक धरून ठेवलंय.

सकाळी चाकावर नवा पोरगा होता,
शेंबडा, झोपाळू.
"हळू फिरव," अँब्रोस म्हणाला,
कमरेला ताग गुंडाळला
आणि एकेक पाऊल मागे पडत गेलं.
छपराचं ते टोक उत्तरेला होतं.