तीन नंबरचं लाकूड

मुलानं पाठवलेला नवा क्लब
टणकन् वाजतो, डब्यावर उलथनं आपटावं तसा.
चेंडू लांब जातो, हे खरं.
वीस यार्ड जास्त. कधी तीस.

पण कामठीच्या सातव्या होलला,
एप्रिलात, जमीन इतकी कडक
की टी शिरत नाही,
तिथे मी अजून ते जुनंच काढतो.
पॉलिश उडालेलं डोकं,
मानेला काळा दोरा, दर दिवाळीला नव्यानं गुंडाळलेला,
तळाच्या पितळी पट्टीला एक स्क्रू
इतवारीतल्या घड्याळजीनं बसवलेला, जरा तिरपाच.

चुकलं तर झिणझिण्या थेट कोपरापर्यंत.
नीट बसलं, वर्षातून चारदा म्हणा,
तर हाताला काहीच कळत नाही.
एक टक्,
शेजारच्या खोलीत कुणी हळूच कडी लावावी तसा.
चेंडू तोवर गेलेला.

फागोजी उईके, माझा कॅडी,
एकदा विडी विझवत म्हणाला,
"कोनतं लाकूड हाय, साहेब?"
पर्सिमन, म्हटलं. अमेरिकेचं.
त्यानं नखानं टोकरलं, वास घेतला.
"आपल्या टेंभुर्णीचा भाऊ वाटते हा."

मी हसलो.
रात्री पुस्तक काढून पाहिलं, तर
एकच कूळ.
ज्याच्या पानात त्याची तंबाखू,
त्याच्याच भावकीतलं माझं तीन नंबर.

सकाळी सांगितलं.
त्याला नवल नाही.
"मंग काहून भेता त्याले?
घरचंच हाय. हळू मारा."

हळू मारलं.
चेंडू बाभळीत.
हात मात्र दुखले नाहीत.