शिल्लक

जेलरोडला तिसऱ्या गल्लीत स्कूटर लावली
की खिडकीतून गांगुर्डेकाका,
"आज ब्रेक करकरला नाही. दुरुस्त केलात?"
जबडा अर्धा गेलाय. शब्द ओले येतात,
इंदुकाकू ते पुसून माझ्यापर्यंत पोचवतात.

नोट प्रेसमध्ये चौतीस वर्षं.
छापील ताव उजेडात धरून व्यंग शोधायचं:
सरकलेली शाई, अर्धा आकडा.
म्हणून पट्टी उघडली की आरसा मागतात.
पहिल्यांदा दिला नव्हता मी,
तर पाटीवर लिहिलं,
"मी माल तपासणारा माणूस आहे, सिस्टर."

खलात गोळीची पूड करते, जखमेवर भुरभुरते.
चार दिवसांत वास हटला,
नातू वही घेऊन कॉटपाशी बसला, नाक न दाबता.
त्या दिवशी सगळ्यांनी चहा घेतला.
काकांचा नळीतून, दोन चमचे साखरेचा, हट्टानं:
जिभेला नाही तर नाही,
पोटाला तरी कळू दे.

मुलगा अंबडहून पाळी संपवून येतो,
जिन्यात गाठतो. "किती दिवस?"
हा प्रश्न मला नेहमी जिन्यातच भेटतो,
एका पायात चप्पल असताना.
मी म्हणते, दर दोन तासांनी कूस बदला.
त्याला वाटतं मी टाळतेय.
टाळतेच थोडी.

काकू शिकल्या. चादर धरून वळवणं,
ओल्या कापसानं ओठ,
रात्री कळ आली की मॉर्फिन चुरून नळीतून.
"सवय लागली तर?" त्यांनी विचारलं.
काका हसले. म्हणजे
उजवा गाल हलला.

गुरुवारी पहाटे फोन आला.
नियमानं उरलेल्या गोळ्या मोजून परत न्यायच्या,
तिसऱ्या दिवशी गेले.
मी म्हटलं, सतरा.
"थांबा," काकू म्हणाल्या,
आणि बोटाच्या टोकानं
एकेक सरकवत पुन्हा मोजू लागल्या,
ओठ न हलवता, गड्डी मोजावी तशा.
"सोळा. ही टवका उडालेली.
यांनी बाजूला काढली असती."

रजिस्टरला व्यंगाचा रकाना नाही.
मी सतराच लिहिले. त्यांनी सही केली,
गादीचं भाडं किती झालं ते विचारलं.

आतल्या खोलीत हवेची गादी
पंपाच्या घरघरीत
एक कप्पा फुगवत होती, एक सोडत होती.
अजून कुणी बटण बंद केलं नव्हतं.
मीही नाही केलं.