फोनचा उपास

राखेच्या बुधवारी पाळकबाईंनी विचारलं,
"यंदा काय सोडताय, ऑरिन?"
कपाळावर ओली राख, मागे रांग.
घाईत म्हणालो: फोन.

आठवड्यात व्हरमाँटभर रस सुटला.
रात्री गोठण, दुपारी ऊन,
आठशे मेपलांच्या निळ्या नळ्या
टेकडी उतरून आमच्या गुऱ्हाळात.
कुठं दाब पडला, कुठं खारीनं कुरतडलं,
हे आता फक्त फोनला कळतं.
आणि फोन सरपणाच्या पेटीत,
जिवंत धरलेल्या उंदरासारखा थरथरत.

मग निघालो बर्फातले बूट चढवून,
बाप जायचा तसा, कान देत.
चौथ्या रांगेत ऐकू आलं: फिस्स.
दातांची दोन भोकं. पट्टी गुंडाळली.
मोजे भिजले होते.
तिथंच प्रार्थना म्हणावी तर
एक शब्द आठवेना,
आत कुठंतरी तसाच बारीक आवाज,
हवा शिरत असल्यासारखा.
त्याला पट्टी लावली नाही.

संध्याकाळी कढईखाली जाळ, वाफेनं चष्मा आंधळा.
टिल्डी ताटलीभर ताजा बर्फ घेऊन आली.
वर ओतली गरम काकवी, ती चिवट झाली,
सोबत लोणच्यातली काकडी, इथली रीतच तशी.
नात बोटं चाटत म्हणाली,
"आजोबा, उपासात रविवार धरत नाहीत म्हणे."
पेटीत पुन्हा थरथर.
"आज रविवार आहे."

मला ठाऊक होतं.
सकाळी चर्चमध्ये, दुसऱ्या स्तोत्रापासून
तेच मोजत होतो.