एक किलोचा चाप

उत्पला रंगारीनं पेटी उघडली
माझ्या खाटेवर, भर दुपारी, दार लोटून.
आधी कागद दाखवले : लायसन्स, संघटनेचं पत्र,
ठाण्याचा गोल शिक्का.
मग पिस्तूल. पॉइंट टू टू, सेमी-ऑटोमॅटिक,
नागपूरच्या कुणा डॉक्टरनं वापरून सोडलेलं.
मॅगझीन बाहेर, चेंबर रिकामं.
मी दोनदा पाहिलं, तिनं तिसऱ्यांदा.

"मामा, चाप पाहा ना जरा. मधातच अडकते."

ओढून पाहिला.
थोडी मोकळी चाल, मग वाळू,
मग अजून वाळू, मग एकदम सुटणं,
वंगण नसलेली बंडी उतारावर
अचानक मनावर घेते तसं.
अशा चापावर बोट वाट पाहत बसतं,
आणि वाट पाहणारं बोट थरथरतं.

एकतीस वर्षं राखीव दलाच्या शस्त्रागारात होतो मी.
तिथे चाप जडच ठेवायचे.
हलका चाप म्हणजे चौकशी.
एकदा साक्षही दिली :
चापात दोष नव्हता, साहेब.
खरंच नव्हता.
बोटाबद्दल मला कुणी विचारलं नाही.

ही पोरगी कागदावर मारते.
पंचवीस मीटर, काळा गोल.
घरी भिंतीवर खडूचा ठिपका,
त्याच्यासमोर रोज अर्धा तास
रिकामं पिस्तूल धरून उभी,
आई पऱ्हाटी मोडून चुलीत सारते तेव्हा.
"तसं मोडलं पाह्यजे," म्हणाली, "आईच्या काडीवानी.
वाकते, वाकते, असं नाही. कट्."

तीन दुपारी गेल्या.
घड्याळवाल्या शब्बीरचं भिंग,
तेलदगड, जुन्या धोतराची चिंधी.
घासणं कमी, पुसणं जास्त.
लोखंड एकदा गेलं की गेलं,
ते नखासारखं परत येत नाही.
चौथ्या दिवशी उत्पलानं डोळे मिटून ओढला
आणि हसली नाही, फक्त पुन्हा ओढला.

आता नियम. चापानं हजार ग्रॅम उचलायचे, न सुटता.
म्हणून गुल्हान्यांच्या दुकानातून किलोचं माप आणलं,
षटकोनी, तेलकट, गुळाचा वास असलेलं.
तारेनं टांगलं. उचललं.
वर मूठभर तूर बांधली, सुटलं.
अगदी काठावर आणून ठेवला चाप.
त्या रात्री मला माझाच थोडा अभिमान वाटला.

पुण्याला तपासणीच्या टेबलावर
त्यांनी त्यांचं वजन लावलं.
खट्.
पुन्हा लावलं.
खट्.
फोन आला. मागे माणसांचा गलका.
रडत नव्हती ती. एवढंच विचारलं :
"मामा, किलो कोणाचा होता?"

मग तिनंच स्क्रू फिरवला, पास करून घेतला,
चौदावी आली.
"शेवटच्या फैरीले घाई झाली माही," म्हणाली,
"चापाचं काही नाही."

मी माप घेऊन तालुक्याला गेलो, सोनाराच्या काट्यावर.
नऊशे अडुसष्ट.
पेन्शन सुरू झाल्यापासूनची साखर, शेंगदाणे,
पोळ्याची चणाडाळ,
सगळं बत्तीस-बत्तीसनं मागे मोजत
एसटीत बसून आलो.

"बाबाच्या काळाचं हाय," गुल्हाने म्हणाला.
"झिजलं असन."

झिजलेलं लोखंड चमकतं.
हे मला नको शिकवू, बाप्पा.

दुकानात पाच-सहा बाया होत्या.
मी माप काउंटरवर पालथं ठेवलं.
बुडाच्या खळग्यात शिसं असतं, शिशावर शिक्का.
इथे लाख होती, काळी रंगवलेली.
मी बोललो काहीच नाही. जुनी सवय.

उत्पलाच्या आईनं पुढं होऊन
ती लाख बोटानं खरवडून पाहिली.