बग क्रमांक ४११७

बोग्नानं तो प्रसंग आज एकोणिसाव्यांदा खेळला.
तक्रार एवढीच : दार लागताना
माणसाचा खांदा भिंतीतून आरपार जातो.

व्रोत्स्वाफमध्ये चारलाच अंधारून येतं.
खाली ट्राम वळणावर करकरते,
हेडफोनात तीच किंकाळी,
तेवढ्याच सेकंदांची, तेवढ्याच दमाची.

लेखक म्हणाला होता, नायकाला
सूड घ्यायला काही कारण नको का?
हं. कारण.

दाखवूच नका, असं ती म्हणत नाही.
युद्धाचा खेळ, हे गाळून कसं चालेल?
तिच्या पणजीनं पंचेचाळीस सालातलं
कुणाला काही सांगितलं नाही,
फक्त मरेपर्यंत दार सताड उघडं टाकून झोपली,
बर्फातसुद्धा.

इथं मात्र दार लागलं की
कॅमेरा नायकाच्या जबड्यावर जातो.
ती बाई पुढं कुठंच दिसत नाही.
बोग्नानं फाईल उघडून नाव शोधलं :
स्त्री-०४.

खांदा दुरुस्त झाला.
घरी निघता निघता तिनं नवा बग नोंदवला :
‘दार लागल्यावर बाई कुठं जाते?
कुठलाही शेवट निवडा, सापडत नाही.’

सकाळी उत्तर आलेलं होतं :
चूक नाही. रचनेनुसारच आहे.
बंद.