निरंक

नियम मीच रंगवला, चावडीच्या भिंतीवर,
पांढऱ्यावर लाल, अक्षरामागे सहा रुपये:
एकवीसच्या आतला पोऱ्या पिताना दिसला
तर बापाला पाच हजार दंड,
आणि पोऱ्याचं नाव, बापाच्या नावासकट, फळ्यावर.

पहिल्या महिन्यात नऊ नावं लिहिली.
दुसऱ्यात तीन. फळा वाचून
एकाच्या बहिणीची सोयरीक फिसकटली.
तिसऱ्यात ग्रामसेवक म्हणाले,
बारकू, लिही: निरंक.
मग दर महिन्याला निरंक. छान वळणदार.
तालुक्याचे साहेब फळ्याशेजारी फोटो काढून गेले.

आधी प्यायची नाहीत असं नाही.
मांडवामागे, बँडच्या गाडीआड, एखादा ग्लास, वर मुरमुरे,
आणि कुणाचा तरी मामा नेमका लघवीला तिकडे यायचा,
कानाखाली एक ठेवून द्यायचा,
मोटारसायकलवर मधे बसवून घरी सोडायचा.
आता मामा मोकळाच येतो, मोकळाच जातो.
पोरं केळीच्या पलीकडे, तापीकाठच्या पंपहाऊसात,
उजेड नको म्हणून मोबाईल उपडा,
तेलाच्या कॅनमधून, डोंगरातली,
पटापट, पोटात काही नसताना.
घरी पोचेस्तोवर वास जायला हवा ना.

कल्पेश भटू कोळी. सतरा.
सोबत तिघं होते. त्यांनीच सांगितलं, तुकड्या-तुकड्यांनी.
एक वाजता तो बोलेना. त्यांनी तळपाय चोळले.
एक जण लिंबू आणायला निघाला,
गावातली कुत्री भुंकली तसा अर्ध्यातून फिरला.
फोनला एकोणचाळीस टक्के चार्जिंग होतं.
एकशे आठ. तीनच आकडे.
पण बोलत होता तोवर तोच म्हणाला होता,
"बापले सांगू नका रे, फळावर नाव यी जाई."

पहाटे लोटन आबा पंप सुरू करायला गेले
तेव्हा तिघं शेकोटीभोवती बसावं तसे बसलेले.
मधे शेकोटी नव्हती.

दहाव्यानंतर ग्रामसभा झाली.
नियम सैल पडला, कुणीतरी म्हणालं. पंचवीस करा. दंड दुप्पट.
हात वर गेले.
भटू कोळी मागे भिंतीला टेकून होता.
त्याचाही.

काल पात्यानं एकवीस खरवडला.
मग फळ्याकडे वळलो. या महिन्याचं काय?
ग्रामसेवकांनी रजिस्टर चाळलं:
पिताना तर कुणी दिसला नाही.

डब्यातल्या रंगाला साय धरायला लागली.
पहिली वेलांटी काढली आहे फक्त.
तिच्याखाली अजून अक्षर नाही.